किलोमीटरचा हिशेब आधी तू ठेव

तो मेसेज तुझ्याकडेही आला असणार, नाही का गं? 'आता पेट्रोलवर नाही, गाडी जितकी पळेल तितका कर! वरून उपग्रह बघणार, खात्यातून पैसे परस्पर कापणार!!' खाली जोडलेले हात आणि 'सगळ्यांना पाठवा' अशी ताकीद. आमच्या भिशीच्या ग्रुपवर तो सकाळी पडला आणि दुपारपर्यंत निम्म्या बायकांचं घरात 'गाडी विकून टाका' म्हणून सुनावून झालं होतं. तू तसं काही बोलली नसशील, पण रात्री उशीला डोकं टेकल्यावर आकडेमोड केली असशीलच. म्हणून म्हणते, कुकर उतरव, गॅस बंद कर आणि निवांत बस. आज हाच विषय घेऊ.

तुझी काळजी खोटी नाही, हे आधी सांगते. कळंबात राहणाऱ्याला गाडी ही हौस नसते. गावात रेल्वे नाही, जे काही करायचं ते रस्त्यानं. सासऱ्यांना हृदयाच्या डॉक्टरकडे न्यायचं तर लातूर. केमो असेल तर बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय. खिशाला झेपणारं ऑपरेशन हवं तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ. जिल्ह्याच्या कचेरीत कागद अडकला तर धाराशिव. लेकीचा लातूरला क्लास लागला की शनिवार-रविवारही रस्त्यावरच जातात. पुण्यातली एखादी म्हणेल, 'गाडी जरा कमी चालवा.' तिला म्हणायला काय जातं, तिच्याकडे मेट्रो आहे. तू कमी चालवायची म्हणजे नेमकं कोणाला घरी बसवायचं?

तर आधी निवडून घेऊ, खरं किती आणि खडे किती. उपग्रहाची गोष्ट अगदीच हवेतली नव्हती, पण ती टोलची होती, पेट्रोलवरच्या कराची नव्हे. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय महामार्गांच्या शुल्काचे नियम बदलले. गाडीत उपग्रहाशी जोडलेलं यंत्र असेल तर महामार्गावर जेवढं अंतर कापलं तेवढाच टोल, अशी सोय त्यात केली. कर्नाटकात बेंगळुरू-म्हैसूर आणि हरियाणात पानिपत-हिसार या रस्त्यांवर तशी चाचणीही झाली. मग 1 मे 2025 पासून हे देशभर सुरू होणार अशी आवई उठली आणि एप्रिलमध्येच केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाला सांगावं लागलं की असा काही निर्णय झालेला नाही. त्याच नियमांत एक कलम आहे, ते मेसेजवाल्यांनी बरोबर गाळलं. नॅशनल परमिटच्या गाड्या सोडल्या तर बाकीच्यांना अशा यंत्रावर रोज एका दिशेला पहिले 20 किलोमीटर फुकट. येरमाळ्याला महामार्गावर चढून पुढच्या एखाद्या फाट्याला उतरणाऱ्याचं त्यात भलंच आहे. तुझ्या स्कूटीचं म्हणशील, तर जून 2025 मध्ये दुचाकीला टोल लागणार अशी बातमी फिरली होती आणि नितीन गडकरींनी लगेच ती खोटी असल्याचं सांगितलं. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. पेट्रोलवरचा कर काढून त्याच्या जागी किलोमीटरचा कर लावायचा, असा कायदाही आपल्याकडे झालेला नाही.

हुश्श म्हणालीस ना? थांब, एवढ्यात उठू नकोस.

खरं सांगू का, किलोमीटरचा कर तू आजही भरतेस. फक्त तो लिटरच्या मापानं येतो, म्हणून दिसत नाही. एक लिटर पेट्रोल घे. एप्रिल 2025 मध्ये वाढ झाली तेव्हा केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला 21 रुपये 90 पैसे झालं. त्यावर आपल्या राज्याचा 25 टक्के व्हॅट आणि आणखी लिटरला 5 रुपये 12 पैसे. त्या हिशेबानं शंभरी ओलांडलेल्या एका लिटरमध्ये पंचेचाळीसच्या आसपास रुपये नुसता कर. आता आपल्या रस्त्यांवर, खड्डे-गतिरोधक धरून, गाडी पंधराचं ॲव्हरेज देते असं समज. पंचेचाळीस भागिले पंधरा. किलोमीटरला तीन रुपये! लातूरला जाऊन-येऊन एकशेवीस किलोमीटर धरले तर आठ लिटर पेट्रोल आणि त्यात तीनशे साठ रुपये कर. डॉक्टरची फी वेगळी, तिथला नाश्ता वेगळा.

स्कूटी पंचेचाळीस देत असेल तर तिला किलोमीटरला रुपया. आता हे एसटीच्या शेजारी मांडून बघ, गंमत कळेल. एसटीचं तिकीट पहिल्यापासून अंतरावरच. सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा टप्पा 10 रुपये 5 पैशांचा. म्हणजे किलोमीटरला पावणेदोन रुपयांच्या आत. मार्च 2023 पासून आपल्या बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे तुझे पंच्याऐंशी पैसेसुद्धा होत नाहीत. बाई, स्कूटीवर बसून तू सरकारला जेवढा नुसता कर देतेस, त्याहून कमी पैशांत एसटी तुला ड्रायव्हर-कंडक्टरसकट नेऊन सोडते. अर्थात एसटी तुझ्या वेळेला मिळाली तर! कळंबच्या स्टँडवर उभं राहून काढलेले तास कुठल्याच हिशेबात धरत नाहीत.

हा इंधनावरचा कर आला कुठून, तेही ऐक, कारण त्यात आपलाच एक माणूस आहे. 1927 साली इंग्रज सरकारनं देशातल्या रस्त्यांचं काय करायचं हे ठरवायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते. समितीचं म्हणणं सरळ होतं: मोटारी रस्ता वापरतात, मोटारी पेट्रोल पितात, तेव्हा पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांसाठीच वेगळा ठेवा. 1929 मध्ये गॅलनला दोन आणे घेऊन केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. त्या काळी ते चोख होतं. प्रत्येक मोटार सारखीच पेट्रोल पिणारी, आणि जास्त पळेल ती जास्त देणारी. कोणाच्या गाडीचं मीटर बघायला जायला नको, पावती फाडायला माणूस नको. आजही लिटरमागे रस्ते आणि पायाभूत सुविधांचा उपकर वेगळा निघतो, पण तुझ्या पंचेचाळीस रुपयांतला तो छोटा तुकडा आहे. बाकीचं केंद्र आणि राज्य आपापल्या गरजेला वापरतात. 2015 च्या ऑक्टोबरात राज्यानं पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपये चढवले होते, आठवतं? दुष्काळासाठी म्हणून. आपल्याच मराठवाड्याच्या नावानं. टँकरची वाट बघणाऱ्या बाईनंही स्कूटीत पेट्रोल भरताना स्वतःच्या दुष्काळाची वर्गणी भरली! मी रागावून नाही बोलत, पैसा लागतो हे मला कळतं. पण 'रस्त्यासाठी' असं कोणी म्हणालं की 'किती?' हे विचारायची सवय मात्र मी तेव्हापासून लावून घेतली.

मग आता हा किलोमीटरचा विषय जगभर निघाला कशानं? विजेच्या गाडीनं. तुझ्या जावेनं इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आहे ना, ती पंपावर जातच नाही. घरी रात्री लावते, सकाळी निघते. वीजबिलात विद्युत शुल्क असतं खरं, पण किलोमीटरला वाटून बघितलं तर पैशांत मोजावं इतकंच. रस्ता तीही तुझ्याइतकाच वापरते. वर आपल्या राज्यानं 2025 च्या धोरणात विजेच्या गाड्यांना मोटार वाहन करात सूट दिली आणि अटल सेतूवर ऑगस्ट 2025 पासून इलेक्ट्रिक कारला टोलही माफ झाला. आज धुराच्या गाड्या कमी व्हाव्यात म्हणून हे ठीक आहे. पण उद्या निम्मं गाव विजेवर गेलं की पंपावरची कमाई आटणार आणि रस्ते करायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहणार.

वापरावर पैसे आणि ठोक पैसे, हे दोन्ही प्रकार आपल्या घरी नांदलेतच की. घराचं लाइटबिल मीटरवर येतं आणि शेतातल्या मोटारीचं अनेक ठिकाणी हॉर्सपॉवरवर यायचं, मोटार चालो न चालो. गाडी घेताना आरटीओत एकदम भरलेला कर हा हॉर्सपॉवरचा प्रकार, आणि किलोमीटरचा कर म्हणजे मीटर बसवणं. मीटर म्हटलं की आपल्या छातीत धस्स होतं. पण हॉर्सपॉवरवर भरणारा शेतकरीही 'मोटार महिनाभर बंद होती, तरी बिल?' म्हणून कपाळाला हात लावायचाच ना?

परदेशात काय केलं ते मुद्दाम सांगते, कारण त्यातली एक गोष्ट थेट आपल्या शेताच्या बांधावर येते. न्यूझीलंडमध्ये डिझेलच्या गाड्यांना 1978 पासून किलोमीटरचा कर आहे. पंपावर पेट्रोलवर कर लागतो, डिझेलवर तसा लागत नाही. का माहितीये? तिथलं बरंच डिझेल ट्रॅक्टरला, शेतातल्या यंत्रांना, होड्यांना लागतं. जो रस्त्यावर आलाच नाही, त्यानं रस्त्याचे पैसे का द्यावेत? म्हणून डिझेल मोकळं सोडलं आणि डिझेलची गाडी रस्त्यावर आणणाऱ्यानं हजार-हजार किलोमीटर आधी विकत घ्यायचे, अशी रीत घातली. काचेवर पट्टी लागते, अमुक किलोमीटरपर्यंत पैसे भरलेत म्हणून. मीटर त्या आकड्याला पोचायच्या आत पुढचे घ्यायचे. एप्रिल 2024 पासून विजेच्या मोटारीही त्यात आल्या, हजार किलोमीटरला तिथले 76 डॉलर, म्हणजे किलोमीटरला आपले जवळपास चार रुपये. ऑकलंडला आपली बरीच मराठी मंडळी आहेत, ती आता दुधाच्या पिशवीसारखे किलोमीटर आणतात. त्यांनाही पहिल्यांदा चिडचिड झालीच असणार.

आता आपल्याकडे बघ. नांगरणीला, रोटाव्हेटरला, पेरणीला दिवसभर रानात फिरणारा ट्रॅक्टर. डांबराला त्याचं चाक लागत नाही. तरी त्याच्या प्रत्येक लिटर डिझेलवर तोच कर, जो मुंबई-पुणे रस्त्यावरच्या आलिशान गाडीच्या डिझेलवर. त्यातच रस्त्यांचा उपकरही. किलोमीटरचा कर खरोखर आला आणि इंधनावरचा तेवढा कर खरोखर उतरला, तर पहिला फायदा त्या ट्रॅक्टरवाल्याला व्हायला हवा. कळंबसारख्या तालुक्याला ही मागणी लावून धरावी लागेल, मुंबईत कोणाला ती सुचणार नाही. सोयाबीन पेरायला किती लिटर गेलं हे तुझ्या घरात तुलाच पाठ असतं, म्हणून तुला सांगते.

दुसरी गोष्ट वजनाची. हंगामात रांजणीच्या कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर निघतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, वाढे रस्त्यावर सांडलेले. त्यांच्यामागे तू स्कूटी घेऊन किती वेळ रेंगाळली असशील! रस्त्याचं नुकसान वजनाच्या नुसत्या पटीत वाढत नाही, त्याहून फार वेगानं वाढतं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मुद्दाम रस्ते बांधून, त्यावर ट्रक फिरवून याची मोठी परीक्षा घेतली होती. एका आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळा पट, असा ढोबळ नियम त्यातून निघाला. तेव्हा स्कूटीला, मोटारीला आणि हायवा डंपरला एकाच दरानं किलोमीटर मोजणं म्हणजे शुद्ध अन्याय. न्यूझीलंडमध्ये जड गाड्यांचा दर वजन आणि आसांवर ठरतो. आपल्याकडे टोलचे दर तरी गाडीच्या प्रकारावर आहेत. किलोमीटरचा कर आला तर पहिला प्रश्न हाच विचार, वजन धरलंय का?

बाकी ठिकाणचं थोडक्यात. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात 2015 पासून हौशी लोकांसाठी अशी योजना आहे, मैलामागे भरा आणि पेट्रोलवर दिलेला राज्याचा कर वळता करून घ्या. आइसलंडनं 2024 च्या सुरुवातीला विजेच्या गाड्यांवर किलोमीटरमागे सहा क्रोना लावले. ब्रिटननं नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं की एप्रिल 2028 पासून विजेच्या मोटारींना मैलामागे तीन पेन्स. आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नला आपली पुष्कळ पोरं आहेत बघ, तिथं जुलै 2021 मध्ये विजेच्या गाड्यांवर असा कर लावला आणि ऑक्टोबर 2023 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो उडवला. कारण काय, तर असा कर लावायचा अधिकार राज्याचा नाही, केंद्राचा आहे. हा तंटा आपल्याकडेही व्हायचा. उत्पादन शुल्क केंद्राचं, व्हॅट राज्याचा, गाडीवरचा कर राज्याचा, राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे, आणि पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर. किलोमीटरचा रुपया कोणाच्या डब्यात पडायचा यावर दोघांचं एकमत व्हायला वेळ लागेल. त्यामुळे मेसेज वाचून आज रात्रीची झोप घालवू नकोस.

पण मला खरी भीती कशाची वाटते, सांगू? बदल होण्याची नाही. जुनं तसंच राहून नवं वर चढण्याची. बघ ना, समृद्धी महामार्ग. महाराष्ट्रात अंतरावर पैसे घेण्याचं ते ठसठशीत उदाहरण. जिथून चढलात आणि जिथे उतरलात, तेवढ्याचेच. डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला तेव्हा मोटारीला किलोमीटरला 1 रुपया 73 पैसे, एप्रिल 2025 पासून 2 रुपये 6 पैसे. नागपूरला माहेर असलेली आपल्यातली एखादी बीडवरून जालन्याला जाऊन समृद्धीला लागते, वेळ वाचतो, लेकरं मागे झोपून जातात, मलाही तो रस्ता आवडतो. पण त्या प्रवासात ती किलोमीटरला दोन रुपये टोल देते आणि पेट्रोलमधले तीन रुपये देतेच. पाच झाले. अंतराचा कर म्हणजे अशी दुहेरी वसुली होणार असेल तर माझा विरोध. पंपावरचा भाव तेवढा उतरलेला दाखवा, मग मीटर लावा. आणि ज्या गावाला रेल्वे नाही, मोठा दवाखाना नाही, तिथल्या माणसाला काही किलोमीटर मोकळे द्या. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईत शिरणाऱ्या हलक्या गाड्यांना पाचही नाक्यांवर टोल माफ झाला. मुंबईकरांचं भलं झालं, माझं काही म्हणणं नाही. पण दवाखान्यासाठी जिल्हा ओलांडणाऱ्या आपल्या बाईनं काय घोडं मारलंय?

बरं, आता तू काय करायचंस ते ऐक, आणि 'उद्या करते' म्हणू नकोस.

एक साधी वही घे, लेकराची अर्धी कोरी राहिलेली असेल तीही चालेल. टाकी पूर्ण भरशील तेव्हा तारीख, मीटरवरचा आकडा आणि लिटर लिही. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भर आणि लिही. दोन आकड्यांतला फरक भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर, हे तुझं खरं ॲव्हरेज. दोन्ही वेळा टाकी पूर्ण भरायची, हे विसरू नकोस. मी पहिल्यांदा अर्धवट भरून हिशेब केला आणि आमची जुनी खटारा लिटरला नव्वद देते असं सासूबाईंसमोर जाहीर केलं होतं. त्या अजून पाहुण्यांना सांगतात. दोन-तीन महिने लिहिलंस की तुला कळेल, घर महिन्याला किती किलोमीटर पळतं, त्यातले दवाखान्याचे किती, शाळेचे किती आणि 'सहज जाऊन येऊ'चे किती. मग उद्या कोणी किलोमीटरला अमुक पैसे म्हणालं तर तू घाबरायच्या आधी गुणाकार करशील.

फास्टॅगचा वार्षिक पास घ्यावा का, असं मागे विचारलं होतंस. ऑगस्ट 2025 मध्ये तो तीन हजारांना सुरू झाला, खासगी मोटारीसाठी, वर्ष किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, समृद्धीवर किंवा मुंबई-पुणे द्रुतगतीवर नाही. घ्यायचा तर राजमार्गयात्रा ॲपवरून नाहीतर महामार्ग प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून. नवरा दर आठवड्याला सोलापूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला जात असेल, तामलवाडी-पारगाव हे नाके ओलांडत असेल, तर डोळे झाकून घे. तुमचं जाणं लातूर-बार्शीपुरतं असेल तर आधी वहीत बघ वर्षात किती नाके लागले. सवलत दिसली म्हणून घेतलेल्या आणि कपाटात पडून असलेल्या साड्या आपल्या दोघींकडेही आहेत. नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत घर असेल तर स्थानिकांचा मासिक पास मिळतो, तोही विचारून बघ. टॅग चालू आहे का, हे निघायच्या आधी तपास. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम आला होता, टॅग नसेल किंवा बंद असेल तर रोखीनं दुप्पट आणि यूपीआयनं सव्वापट.

'चलान भरा' म्हणून कसली फाइल व्हॉट्सॲपवर आली, शेवटी एपीके लिहिलेलं असेल, तर बोटसुद्धा लावू नकोस. खातं रिकामं होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही हे आजच सांगून ठेव. जुनी गाडी विकताना फास्टॅग बंद कर, नाहीतर घेणारा फिरेल आणि पैसे तुझे कटतील. जुनी घेताना मीटरवरचा आकडा सर्व्हिसिंगच्या नोंदीशी ताडून बघ, मीटर मागे फिरवणारे आजही आहेत. किलोमीटरवर कर आला तर त्यांचा धंदा आणखी वाढेल.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवलीय, कारण ती चारचौघांत बोलत नाहीत. उपग्रह आपल्याला बघेल म्हणून तू घाबरलीस. ती भीती वेडेपणाची नाही. कोण कुठे, किती वाजता गेलं याची नोंद कोणाकडे, किती दिवस राहणार, हे विचारायलाच हवं. न्यूझीलंडमध्ये साध्या मोटारीचं काम मीटरच्या आकड्यावर भागतं, उपग्रह लागत नाही. ओरेगॉनमध्ये ठिकाण न नोंदवणारं यंत्रही निवडता येतं. म्हणजे किलोमीटर मोजायला माग काढलाच पाहिजे असं नाही. पण उपग्रह लांब राहिला, तुझ्या गाडीचा माग आजच निघतोय गं. तू नाका ओलांडलास की फास्टॅगचा मेसेज जातो, तो कोणाच्या फोनवर वाजतो? गाडी तुझ्या नावावर, हप्ता तुझ्या पगारातून, आणि 'टिंग' वाजतं नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या खिशात, कारण टॅग घेताना काउंटरवर त्यानं आपला नंबर सांगितला. कोणाच्या घरात त्याचं काही वाटत नाही, कोणाच्या घरात संध्याकाळी 'आज पारगावला कशाला गेली होतीस?' असा प्रश्न येतो. भांडायची गरज नाही. 'पैसे माझ्या खात्यातून जातात, मेसेज मला आला तर हिशेब लागतो,' एवढंच म्हण आणि ज्या बँकेचा टॅग आहे तिथं नंबर बदलून घे. आरसी आणि आधार बरोबर ने, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही. झालं की मला कळव.